सासूबाईंच्या गालातलं दुखणं

लग्न होऊन मी तिरोड्याजवळच्या या गावात आले तेव्हा घरात ख्रिस्ती माणूस एकच होतं, माझ्या सासूबाई. बाकीचं घर गावातल्या इतर धानवाल्यांच्या घरासारखंच. देव्हारा होता, पोळ्याला बैल सजायचे, दिवाळीला सगळे गोळा व्हायचे. सासूबाई या सगळ्यात राबायच्या आणि रविवारी सकाळी धुवट लुगडं नेसून तिरोड्याच्या टिनाच्या प्रार्थनाघरात जाऊन यायच्या. परत आल्या की चुलीवर भात. त्या तिकडे कशा वळल्या, असं मी एकदा विचारलं. "बोलावलं, गेली," एवढंच म्हणाल्या. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. माझा नवरा वीज केंद्रात ठेक्यावर कामाला, तो म्हणायचा, "मायचं मायजवळ."

मी गोंदिया शहरातली. माहेरी निम्मं बोलणं हिंदीत. देवधर्माचं मला फारसं काही नव्हतं. लग्नानंतर मला एक मुलगी झाली, पण ती रडलीच नाही. दवाखान्यातल्या बाईने तिला उलटी धरली, पाठीवर चापट्या मारल्या, मग कापडात गुंडाळली. मी घरी आले तेव्हा सासूबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काही बोलल्या नाहीत. बाकी सगळे बोलत होते, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

त्यांचं दुखणं सुरू झालं ते धान चुरायच्या दिवसांत. खळ्यावर मळणीचं मशीन चालू होतं, गार वारा सुटला होता. सासूबाईंनी अचानक हात वर नेला आणि आवाज न करता खाली बसल्या. मला वाटलं गांधीलमाशी चावली. जवळ जाऊन पाहिलं तर डावा डोळा घट्ट मिटलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि वर नेलेला हात गालापासून बोटभर अंतरावर थांबलेला. गालाला तो लागत नव्हता. लागला असता तर आणखी दुखलं असतं, हे मला पुढे कळलं. थोड्या वेळाने चेहरा सुटला. त्या उठल्या आणि सूप उचललं. संध्याकाळी पाणी पिताना पुन्हा तेच.

गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, चेहऱ्याची नस आहे. वारा लागला, घास चावला, बोललं, पदर घासला, कशानेही कळ उठेल. "माताजी, ये दर्द जान नहीं लेता," ते म्हणाले, "जान खाता है." नागपूरला ऑपरेशन होतं, पण सासूबाईंचं हृदय कमजोर, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी कळा कमी झाल्या आणि सासूबाई दिवसभर गुंगीत राहू लागल्या. मग त्यांनी स्वतःच गोळ्या अर्ध्या केल्या.

बोलणं जवळजवळ बंद झालं. गार पेज उजव्या बाजूने प्यायच्या. बाहेर पडताना पदराने तोंड झाकायच्या. सगळ्यात विचित्र होती ती चेहऱ्याची डावी बाजू. कळ येऊ नये म्हणून त्या ती हलवतच नसत. उजवी बाजू हसायची, रागवायची, डावी तशीच स्थिर. मी समोर बसून भाजी निवडायची आणि मला वाटायचं, ती बाजू दुसऱ्याच कोणाचं तरी काहीतरी ऐकते आहे.

त्यांच्या प्रार्थनाघराचे पास्टर तरुण होते, मनाने चांगले. एका दुपारी ते मंडळीतल्या लोकांना घेऊन आले. टाळ्या वाजवून गाणी झाली. मग त्यांनी सासूबाईंच्या कपाळाला तेल लावलं आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली. ते दुखण्याशी बोलत होते, घरात घुसलेल्या माणसाशी बोलावं तसं. "निघ! प्रभूच्या नावाने सांगतो, निघ इथून!" मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते. मूर्खासारखं माझं लक्ष दाराकडे गेलं, कोणी बाहेर जातंय का बघायला. दारात ऊन होतं. इकडे सासूबाईंचा हात वर गेला आणि बोटभर अंतरावर थांबला.

प्रार्थना बंद पडली. मंडळीतली एक बाई म्हणाली, "या घरात मूर्ती आहेत, पास्टर. सून विश्वासात नाही. अडथळा तिथेच असेल."

कोणी काही बोलायच्या आत सासूबाई बोलल्या. प्रत्येक शब्दाला डोळा मिटत होता. "माह्या सुनेवर बोट ठेवाचं नाई. अन् पास्टर, तुमी देवाले दम नका देऊ."

त्यानंतर मंडळी घरी येईनाशी झाली.

मग आमच्या शेजारणीचं झालं. बांबूच्या कुंपणापलीकडे तिचं घर. तिच्या उजव्या बरगडीखाली महिनोन् महिने दुखायचं. एका दुपारी ती विरजण मागायला आली आणि आमच्या अंगणातच वाकली. सासूबाई खाटेवरून उठल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला, डोळे मिटले. ओठ हलत नव्हते. त्या मनातल्या मनात प्रार्थना करायच्या. आणि तेवढ्यात त्यांना कळ आली. इतकी मोठी कळ मी तोवर पाहिली नव्हती. त्यांचा सगळा देह त्या गालाकडे ओढला गेला. ती ओसरली तेव्हा शेजारीण सरळ उभी होती.

"गेलं," ती म्हणाली. "काकू, माहं गेलं." आणि ती सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिला आनंद झाला होता आणि ती घाबरलीही होती. विरजणाची वाटी तिथेच ठेवून ती गेली.

आठवडाभरात लोक यायला लागले. दुपारच्या वेळी, कामं आटोपून. कोणाची कंबर, कोणाचं डोकं, कोणाचा जुना ताप. ते अंगणात ओळीने बसायचे. आमच्या गावात दुपारी चार माणसं जमली की केवढा गलका असतो. इथे कोणी बोलायचं नाही. दूर वीज केंद्राची घरघर तेवढी ऐकू यायची. सासूबाई एकेकाजवळ जाऊन बसायच्या, हात ठेवायच्या, डोळे मिटायच्या. आणि सगळे पुढे झुकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे.

"आलं का?" मागचा एखादा हळूच विचारायचा.

कळ आली की पुढचा सांगायचा, "आलं." मग सगळ्यांचा श्वास एकदमच सुटायचा. ज्याच्यावर हात होता तो खांदे सैल करून उठायचा आणि मागे न बघता जायचा. काहींना खरंच बरं वाटत होतं. ते मी पाहिलं आहे, नाही कसं म्हणू? कळ आली नाही तर ते बसून राहायचे. एकदा एका बाईने सासूबाईंच्या तोंडावरचा पदर हळूच बाजूला केला, वारा लागावा म्हणून.

सकाळी कुंपणाला कापडाच्या चिंध्या बांधलेल्या सापडायच्या. मी सोडून चुलीत टाकायची, दुसऱ्या दिवशी नव्या. सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. डोळे मिटलेले असल्यामुळे त्यांना लोक कसे बघतात ते दिसतच नसे. त्यांना वाटे, माणसं प्रार्थनेला येतात. "दुखणं घेऊन आलेल्याले दारातून वापस कसं करू?" त्या म्हणायच्या.

आणि मलाही वाटायला लागलं, माझंही जावं. मुलीला जाऊन वर्ष होत आलं होतं. एक दिवस लोक गेल्यावर मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "माय, माझंही घ्या ना."

"काय घेऊ?"

"पोरीचं. आतलं."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "कोनाचं काय घेतलं मी?"

मग मी सगळं सांगितलं. आपलं दुखणं त्यांच्या गालात जातं असं लोक समजतात हे, ते कशाची वाट बघतात, कळ आल्यावर काय म्हणतात. त्यांनी पदर खाली घेतला.

"पाहून रायतात? माह्या तोंडाकडे?"

"हो."

त्या सावकाश, एकेक शब्द जपून बोलल्या. "पोरी, मी घेत नाई. मले घेताच येत नाई. ज्याले येत होतं त्यानं वधस्तंभावर घेतलं. ते काम झालं. आता कोनं घेयाचं उरलं नाई."

"मग तुम्हाला काऊन दुखते?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या बोलीत विचारलं.

"मले ठाऊक नाई. लय डाव इचारलं त्याले. सांगत नाई." कळ आली, गेली. "पन इचारलं की उठून जात नाई तो. बसून रायते. एवढं समजते मले."

मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "अन् तुह्या पोरीचं दुखणं तुह्यातून काढून टाकलं, त मंग तिचं काय उरन तुह्याजवळ? रडाचं असन त माह्याजवळ बस. घेनार नाई मी. बसीन."

आम्ही अंधार पडेपर्यंत तशाच बसलो. मुलीचा चेहरा कसा होता ते मी त्या दिवशी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.

दुसऱ्या दुपारी लोक आले. पुढे एक कंबरदुखीचा दुकानदार बसला होता. सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, डोळे मिटले. कळ आली. आणि या वेळी, कळ चालू असतानाच, त्यांनी डोळे उघडले.

डावा पुरता उघडला नाही. उजवा उघडला. समोर सगळे चेहरे पुढे झुकलेले, कोणाचं तोंड अर्धवट उघडं, एका बाईच्या ओठांवर हसू. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. मला वाटलं होतं लोक नजर चुकवतील. कोणी चुकवली नाही. ते बघतच राहिले, जणू तो चेहरा त्यांना परत बघू शकतो हे त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं.

खांब धरून त्या उभ्या राहिल्या. "माह्याजवळ काई नाई," त्या म्हणाल्या. "दुखते त दवाखान्यात जा. मी प्रार्थना करीन, तुमच्याजवळ बसीन. पन माहं तोंड वाकडं झालेलं पाहून तुमाले आराम पडत असन, त तो आराम माह्या प्रभूचा नोहे. मी कोनाचं काई घेतलं नाई."

मग पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "मंग आमचं गेलं ते कोठी गेलं?"

ती भांडत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती अंगणात इकडेतिकडे बघू लागली. वाकून खाटेखाली पाहिलं. तिचं बघून दुसरे बघायला लागले. कोणीतरी पाय वर उचलून घेतले. एका बाईने लुगड्याचा काठ गोळा करून धरला. मग एकेक जण उठला आणि अंगणाच्या कडेकडेने, मधल्या जागेवर पाय न ठेवता, बाहेर पडला. तो दुकानदारसुद्धा.

त्या दिवसापासून आमच्या अंगणात कोणी पाऊल टाकेना. बोअरिंगवर जायची जवळची वाट आमच्याकडून होती. बाया घागरी घेऊन लांबून वळसा घालू लागल्या. दूधवाला कुंपणाबाहेरूनच हाक मारायचा. गावाने ठरवूनच टाकलं होतं की त्यांचं सगळं दुखणं आमच्या अंगणात पडून आहे. नवरा हसण्यावारी न्यायचा. मला हसू येत नव्हतं. भर दुपारी झाडायला घेतलं की मधल्या जागेशी माझा झाडू मंद व्हायचा. तिथे कोणी बसलेलं असावं आणि त्याला धूळ लागू नये, अशी मी झाडायची. मग भानावर यायची.

शेजारीण तर दिसेचना. तिचं दुखणं परत आलं होतं. हे मला नंतर कळलं. तिला वाटलं, काकूंनी रागावून तिचं तिला परत केलं. म्हणून ती आमच्याकडे आली नाही आणि दवाखान्यातही गेली नाही.

थंडीतल्या एका सकाळी इतकं धुकं पडलं होतं की कुंपण दिसत नव्हतं. कुंपणापलीकडून आवाज आला. आधी मला तो माणसाचा वाटलाच नाही. जाऊन पाहिलं तर शेजारीण तिच्या ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, अंग तापलेलं, डोळे पिवळे. तिचा नवरा चोरखमारा गावी नातेवाइकांकडे गेला होता. माझा नवरा ड्युटीवर. रुग्णवाहिकेला धुक्यामुळे वेळ लागेल असं फोनवर कळलं. मी चौकातला ऑटोवाला बोलावला. दोन्ही बाजूंनी उघडा ऑटो.

वळून बघते तर सासूबाई लुगडं खोचून उभ्या.

"माय, वारा आहे."

"हाय त हाय," म्हणून त्या आत बसल्या.

शेजारणीने त्यांना पाहिलं आणि अंग चोरलं. "काकू, तुमी हात नका लावू. माहं मले भेटलं वापस. आनखी नका देऊ."

"माह्याजवळ तुहं काई नोयतं वो," सासूबाई म्हणाल्या. "हात हाय फक्त. धराचा असन त धर."

शेजारणीने डोळे मिटून हात धरला.

तो रस्ता मला नीट सांगता येणार नाही. पुढे पांढरं, मागे पांढरं. ऑटोवाला सारखा हॉर्न वाजवत होता आणि त्याला उत्तर म्हणून कधी समोरून, कधी शेतातून यावा तसा दुसरा हॉर्न यायचा. सासूबाईंचा पदर केव्हाच उडाला होता. गार, ओला वारा थेट डाव्या गालावर लागत होता. मी त्यांच्याकडे बघत होते, आता कळ येईल, आता येईल म्हणून. येत नव्हती. त्या शेजारणीशी बोलत होत्या. तिच्या माहेरचं, धानाच्या रोवणीच्या दिवसांचं, तिच्या लग्नात जेवणात काय होतं त्याचं. दुखणं सुरू झाल्यापासून मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते एवढे शब्द. आवाज हलका होता, कोण्या तरुण बाईचा असावा तसा. आणि ती डावी बाजू, जी इतके दिवस दगडासारखी होती, ती हलत होती.

मधेच त्या माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत भीती होती. इतक्या कळांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"दुखून नाई रायलं," त्या कुजबुजल्या. "काऊन दुखून नाई रायलं?"

त्या पुन्हा शेजारणीकडे वळल्या आणि बोलत राहिल्या.

दवाखान्यात शेजारणीला स्ट्रेचरवर घेतलं, आत नेलं, दार लागलं. दार लागल्याबरोबर सासूबाई व्हरांड्यातल्या फरशीवर बसल्या. हात वर गेला. ती कळ संपली तशी दुसरी, मग तिसरी. लोक थांबून बघायला लागले तेव्हा मी त्यांच्यापुढे पदर धरून उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली.

"बाहेर थांबलं होतं," त्या म्हणाल्या.

"कोण?"

त्यांनी गालाकडे बोट केलं, पण लावलं नाही.

मी पास्टरना फोन केला होता. ते मोटरसायकलवरून भिजून आले. मला वाटलं, आता मोठ्याने सुरू करतील. ते सासूबाईंच्या शेजारी फरशीवर बसले आणि नुसते बसून राहिले. ऑपरेशन झाल्याचं कळलं तेव्हा म्हणाले, "आई, मला वाटायचं, दुखणं म्हणजे प्रभू जवळ नसल्याची खूण."

"अन् आता?"

"आता मला ठाऊक नाही."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. उजव्या बाजूने त्या हसत होत्या.

शेजारणीच्या पित्ताच्या पिशवीत खडे होते आणि ती पिशवी सडत आली होती. ती वाचली. गावात लागलीच बोलणं सुरू झालं की बुढीनेच शेवटी तिचं घेतलं. पण शेजारीण बरी होऊन आली तेव्हा विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "डॉक्टरनं काढलं. खडे दाखवले मले. काकूनं फक्त हात धरला होता, सोडला नाई." आणि एका सकाळी ती घागर घेऊन आमच्या अंगणाच्या बरोबर मधून चालत बोअरिंगवर गेली. मी दारात उभी राहून पाहत होते. मधल्या जागेवर ती क्षणभर थांबली, पायाखाली पाहिलं आणि पुढे गेली. हळूहळू दुसऱ्या बायाही येऊ लागल्या.

सासूबाईंचं दुखणं गेलं नाही. कधी महिनाभर दबून राहायचं, कधी दिवसभर छळायचं. मी त्यांच्याबरोबर रविवारी प्रार्थनाघरात जाऊ लागले, आधी त्यांना सोबत म्हणून, मग माझी मी. ते का सोसावं लागलं, याचं उत्तर त्यांना मिळालं नाही, मलाही नाही. मागच्या उन्हाळ्यात, सकाळची पेज पिऊन त्या खाटेवर पडल्या आणि हृदय बंद पडलं. त्यांना आंघोळ घालताना मी डाव्या गालाला हात लावला. पहिल्यांदाच. मऊ होता, आणि मला सारखं वाटत होतं की त्या दचकतील.

पावसाळा संपता संपता एक अनोळखी बाई आली. जंगलाकडच्या कुठल्याशा गावातून बसने आली होती. अंगणात उभी राहून म्हणाली, "ते दुखणं घेनारी बाई कोठी हाय?"

मी सांगितलं, त्या वारल्या, आणि त्या दुखणं घेत नव्हत्या.

"तुमी सून ना? मंग तुमीच ठेवा हात."

"बाई, माझ्याजवळ काही नाही."

तिने ऐकलं, पण गेली नाही. तिथेच खाली बसली. मी तिला पाणी दिलं आणि तिच्याजवळ बसले. काय दुखतं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिने माझा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला. मी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनी वाट बघत राहिले, माझ्यात कुठे काही येतं का. खूप वेळ बघितली. काही आलं नाही. फक्त तिचा खांदा हलायला लागला, आणि मी हात काढला नाही.